प्रसूती करणाराचे नाव

रजिस्टरला चौदा रकाने होते.
आठव्यात लिहायचं : प्रसूती करणाराचे नाव.
जयतापूरच्या खाडीपलीकडे, तरीच्या वाडीत,
चौऱ्याऐंशी ते सत्त्याण्णव
तो रकाना माझ्या सहीने भरलेला आहे.
निळी शाई, जरा उजवीकडे कललेली,
कोरेगावच्या शाळेत बाईंनी घोटून घेतलेली सही.

गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते.
पांढरी साडी, पोटात होडीच्या हेलकाव्याची ढवळ.
शिकवायला गेले होते.
सरकारी ॲल्युमिनियमची पेटी उघडून
हवाबी सोलकरसमोर एकेक वस्तू मांडली :
साबण, ब्लेड, दोरा, नखं घासायचा ब्रश.
ती ब्रशकडे बघून हसली.
सकाळपासून बांगडे कापून आलेली बाई,
तरी तिची नखं माझ्यापेक्षा स्वच्छ होती.

मग मी धनुर्वात सांगितला.
बांबूची कामटी, नाळ, सातवा दिवस,
आखडलेली मूठ, न उघडणारा जबडा.
चित्रांचा तक्ता होता. दाखवायला छडीही होती.
हवाबी हसायची थांबली.
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली.
मला वाटलं, तस्बी ओढतेय.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"अकरा.
अकरा पोरं, बाय. आमी म्हनायचो, वारा लागला."

त्या संध्याकाळी तिच्या चुलीवर
भाताच्या आधी ब्लेड उकळलं.
पुढे कधी मला ते तपासावं लागलं नाही.

मला येत होतं ते एवढंच.

बाकीचं विजू आडिवरेकरच्या माजघरात.
भांगाची ओहोटी, होडी चिखलात रुतलेली,
राजापूर आकाशाइतकं लांब,
आणि पोराचा पाय आधी.
"पानी भरू दे," हवाबी म्हणाली,
"ओहोटीला पोर येत नाय."
असलं काही माझ्या पुस्तकात नव्हतं.
पुस्तकात जे होतं ते पान मला पाठ होतं
आणि आठवत नव्हतं.

"डोले मिट, बाय. हाताला बगू दे."
माझ्या हातावर तिचा हात,
कोकमाच्या मुठेलाने निसरडा, गरम.
मी ओढायला गेले तर चापट मारली तिने,
लहान मुलाला मारतात तशी, मनगटावर.
"भरतीला कोन ओढून आनतो?"

पाठ वर, खांदे, मग ती भयंकर थांबलेली मान,
विजूचे दात पदरात,
बाहेर कुठेतरी पाण्याचा चुबुकचुबुक आवाज
होडीच्या बुडाखाली शिरलेला.
आणि मग ओलं, जड, ओरडणारं सगळं
एकदम माझ्या ओंजळीत.

पहाटे रजिस्टर भरलं.
आठव्या रकान्याशी पेन थांबलं
असं आज म्हणते. तेव्हा थांबलं नव्हतं.
दाईचं नाव घातलं की टक्केवारी घसरायची,
मीटिंगमध्ये उभं करायचे.
हवाबी शेजारीच बशीतून चहा पीत होती.
तिला वाचता येत नव्हतं,
त्यामुळे सोपं गेलं.

निवृत्तीच्या महिन्यात रत्नागिरीला जाऊन
जुनी रजिस्टरं मागितली.
कडेला झुरळांनी खाल्लेली, सह्या शाबूत.
"खाडाखोड चालत नाही, सिस्टर," कारकून म्हणाला,
आणि मला चहा सांगितला.
हवाबीला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.
पेटीत ती जाळं विणायच्या सुया ठेवायची, म्हणे.

आता कोरेगावात राहते.
इथल्या कॅलेंडरवर भरतीच्या वेळा नसतात.
गेल्या आठवड्यात पुतण्याची बायको अडली,
डॉक्टर तरुण, हुशार, घाईत.
मी बाहेर येऊन हवाबीच्या नातवाला फोन लावला :
पाणी कितीला भरतंय रे आज?
तो हसला. दोन दहा, म्हणाला.

दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले,
हात मांडीवर उताणे,
डोळे मिटून,
दोन दहापर्यंत.